पुढाऱ्यांचा धनादेश नको, घरोघरची वर्गणी हवी!



मागच्या बैठकीत 'साहाय्यता निधी कसा वाढवावा' हा विषय निघाला. दीड तास चर्चा झाली. सूचना आल्या त्या नेहमीच्याच. मुंबई-पुण्याचे एखादे गाजलेले नाटक आणावे. कूपनांची सोडत काढावी. स्मरणिका छापून जाहिराती मिळवाव्यात. आणि शेवटची, जिच्यावर सगळ्यात जास्त माना डोलल्या, ती अशी की विधायक महोदयांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावे, म्हणजे ते मंचावरून 'काहीतरी घोषणा' करतील.

मी त्या बैठकीत गप्प बसलो. चहा घेतला आणि घरी आलो. रात्री झोप लागली नाही. गप्प बसण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती, आणि मागच्या वेळी त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती. म्हणून हा लेख. काही जणांना तो झोंबेल. झोंबावा अशीच इच्छा आहे.

मी बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी. कॉम. मोठमोठे अर्थशास्त्र मला कळत नाही. पण वीस वर्षे काउंटरवर बसल्यामुळे पैसा कुठून आला, कुठे गेला आणि मधे कुठे अडकला, एवढे पाहायची सवय लागली आहे. त्याच सवयीने आपल्या समाजकार्याच्या जमाखर्चाकडे पाहतो आहे.

अठरा हजारांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी आमच्या भागातल्या एका मंडळाचा खजिनदार होतो. मंडळाचे नाव देत नाही, कारण हे दुखणे एका मंडळाचे नाही. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंना डायलिसिस सुरू झाले. काका मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर मिळेल ते काम करत त्यांनी संसार ओढला. उपचाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून होत होता. पण रिक्षाचे भाडे, बाहेरून आणायची इंजेक्शने, तपासण्या आणि आईला नेण्या-आणण्यात मुलाचा बुडणारा रोज, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. मुलाने मंडळाकडे अर्ज केला. महिन्याला तीन हजार, सहा महिने. म्हणजे एकूण अठरा हजार रुपये.

कार्यकारिणीने ठरवले, "कार्यक्रम होऊ द्या, मग त्यातून देऊ." कार्यक्रमाला चार महिने होते.

कार्यक्रम झाला. भावगीतांचा. हॉल भरला. तिकिटे आणि जाहिराती मिळून एक लाख बेचाळीस हजार जमले. त्यातून हॉलचे भाडे, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचे मानधन आणि प्रवास, फ्लेक्स, हार, शाली, श्रीफळे, मान्यवरांचे भोजन असे एक लाख एकोणीस हजार गेले. उरले तेवीस हजार. त्यातले अकरा हजार काकूंना द्यायचे ठरले, बाकी 'पुढच्या कार्यक्रमाच्या अॅडव्हान्ससाठी' ठेवायचे. तो चेक मीच लिहिला.

चेक मंचावर द्यायचा होता. संध्याकाळी सहाला काकूंना मंचावर खुर्चीत बसवले. पाहुणे आले आठ वाजून वीस मिनिटांनी. तोवर त्या बाई पदर सावरत, सुजलेले पाय खुर्चीखाली ओढत बसून होत्या. मग भाषण झाले, फोटो झाला. पाहुण्यांनी आपल्यातर्फे एकावन्न हजार जाहीर केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या एकावन्न हजारांसाठी मी पुढे सात वेळा त्यांच्या कार्यालयात गेलो. ते आजतागायत आलेले नाहीत.

महिन्याभराने मी मुलाला विचारले, आणखी एक अर्ज देतोस का? तो म्हणाला, "आई नको म्हणते. म्हणते, पैसे नसले तर नसू देत, पण पुन्हा त्या खुर्चीवर बसणार नाही." त्याने व्याजाने पैसे काढले. काकू पुढच्या श्रावणात गेल्या. मंडळाने वेळेवर पैसे दिले असते तर त्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे शेवटचे दिवस सावकाराच्या तगाद्यात गेले नसते, एवढे मी नक्की म्हणतो.

आता हिशेब पाहा. लागत होते अठरा हजार. कार्यक्रमावर खर्च केले एक लाख एकोणीस हजार. आमच्या त्या एका गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत मिळून आपली साठ घरे होती. प्रत्येक घराने महिन्याला पन्नास रुपये दिले असते तर महिन्याला तीन हजार होतात. नेमके तेवढेच. तेही पहिल्या महिन्यापासून, हॉल न घेता, हार न आणता आणि आजारी बाईला मंचावर न बसवता!

हे गणित माझ्या डोक्यात तेव्हा का आले नाही? बी. कॉम. झालेल्या माणसाला साठ गुणिले पन्नास येत नव्हते काय? येत होते. पण मदतनिधी म्हटला की कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हटला की पाहुणे, ही चौकट आम्हा सर्वांच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की तिच्या बाहेर पाहायचे सुचलेच नाही.

कार्यक्रम करा, पण त्याला दानधर्म म्हणू नका

कोणी गैरसमज करून घेऊ नये. नाटक आणा, गाणे करा, संक्रांतीचे हळदीकुंकू करा. महाराष्ट्रापासून दूर राहूनही पाच-सहा पिढ्या आपण मराठी टिकवले ते याच गोष्टींमुळे. माझा आक्षेप एवढाच, की करमणुकीला करमणूक म्हणा. तिकिटाच्या शंभर रुपयांतले ऐंशी रुपये मांडवावर आणि मानपानावर जाणार असतील, तर त्या तिकिटावर 'गरजूंच्या साहाय्यार्थ' असे छापणे ही सभासदांची फसवणूक आहे.

सोडतीच्या कूपनांचे तर आणखीच वेगळे. पहिले बक्षीस स्कूटर, दुसरे फ्रिज, असे कूपन आपल्या मुलांच्या हाती देऊन आपण त्यांना दारोदार पाठवतो. सरकारी परवानगीशिवाय सोडत चालवणे हा पूर्वीच्या दंडसंहितेखाली गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. 'सगळेच करतात' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, शेजाऱ्याच्या औषधासाठी पैसे द्यायला आपल्याला स्कूटरचे आमिष लागते, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

स्मरणिकेचेही तसेच. बिल्डर, कोचिंग क्लास आणि ज्वेलर पान विकत घेतात ते आपल्यावर प्रेम म्हणून नव्हे. छपाईचे बिल देऊन काय उरते, हे एकदा खजिनदारांना विचारा. स्मरणिकेचे गठ्ठे अजून कार्यालयाच्या माळ्यावर पडून आहेत.

त्यांच्या पैशाची खरी किंमत

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पुढाऱ्यांचा पैसा.

आपल्यातले शहाणे लोक म्हणतात, "देतात तर घ्या की! आपले काय जाते?" बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य पटत नाही. बिनव्याजी आणि बिनतारणाचे कर्ज कोणी देत नसतो. व्याज दिसत नसेल तर ते कुठेतरी दडवलेले असते.

इथे ते कुठे दडले आहे? वॉर्डात मराठी मते किती, हे प्रत्येक पक्षाच्या यादीत लिहिलेले असते. निवडणूक जवळ आली की गणपतीच्या मांडवात पार्षद येतात, विधायक येतात, ज्यांना तिकीट हवे आहे तेही येतात. रसीदकट्ट्यावर पाच हजार, अकरा हजार लिहिले जातात. त्याबदल्यात आपण काय देतो? स्वागत मंच, बॅनरवर दोन हातांएवढा चेहरा आणि "संपूर्ण मराठी समाज आपल्या पाठीशी आहे" हे अध्यक्षांचे वाक्य. संपूर्ण समाजाच्या वतीने हे बोलायचा अधिकार अध्यक्षांना कोणी दिला? कोणत्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला? अकरा हजारांत आपण हजारो घरांचे मत गहाण टाकतो, आणि पावतीवर लिहितो 'देणगी'!

मग पुढे वाचनालयाच्या जागेचा प्रश्न येतो, रस्तारुंदीकरणात जुनी घरे जातात, शाळेत मराठीचा शिक्षक नेमायचा असतो. तेव्हा आपण त्याच माणसापुढे उभे राहतो आणि आपला आवाज फुटत नाही. ज्याच्या हातून काल शाल घेतली, त्याला आज जाब कसा विचारणार? घेणाऱ्याची मान वाकते. म्हणून मी म्हणतो, मदतनिधीचा प्रश्न नुसता दयेचा नाही, तो आपल्या राजकीय स्वाभिमानाचाही आहे. ज्या समाजाला आपल्या आजारी माणसाचे अठरा हजार स्वतः उभे करता येत नाहीत, त्याच्या निवेदनाला कोण किंमत देईल?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. विधायकांच्या स्वेच्छानुदानातून जो पैसा मिळतो तो त्यांच्या खिशातला नसतो. तो सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला असतो. गरजू माणूस त्यासाठी स्वतः अर्ज करू शकतो. तो नागरिकाचा अर्ज आहे, त्याला हार घालायची गरज नाही. समाजाने अर्ज नीट भरून द्यावा, कागद जोडून द्यावेत, पाठपुरावा करावा. आपल्याच करातल्या पैशासाठी मंचावर सत्कार कसला करता?

आपल्याच घरातले दाखले

कोणी म्हणेल, पन्नास-पन्नास रुपयांनी काय होते? त्यांना मी आपल्याच घरातले दाखले देतो.

आपण इंदूरकर ऊठसूट मातोश्री अहिल्यादेवींचे नाव घेतो. जयंतीला पुतळ्याला हार घालतो. पण त्यांच्या हिशेबाकडे कोणी पाहतो का? होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून खासगीची जहागीर मिळाली, ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. काशीविश्वेश्वराच्या देवळापासून देशभरच्या घाट, विहिरी आणि धर्मशाळांपर्यंत जो दानधर्म झाला, तो या खासगीतून, राज्याच्या खजिन्यातून नव्हे. राज्याचा पैसा राज्याला आणि धर्माचा पैसा धर्माला. ज्या बाईच्या हाती सगळी सत्ता होती तिने दोन वह्या वेगळ्या ठेवल्या, आणि आपण कार्यक्रमाचा, गणपतीचा व मदतनिधीचा पैसा एकाच खात्यात घालून वर म्हणतो, "शेवटी सगळे समाजाचेच आहे!"

दुसरा दाखला पैसा फंडाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या एका साध्या गृहस्थांनी माणशी वर्षाला एक पैसा मागायला सुरुवात केली. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली. लोक हसले असतील. पण त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कारखाना, बरे का! आपल्याला तर फक्त एका काकूंच्या रिक्षाचे भाडे द्यायचे होते.

तिसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरिबांच्या मुलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवत. त्या मुठीला मंच नव्हता, बॅनर नव्हता. आणि मूठ देणारी बाई स्वतः काही श्रीमंत नव्हती.

चौथा दाखला आपल्या शहरातलाच. अनंत चतुर्दशीची झांकी. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या मिलांच्या झांक्या रात्रभर निघत आणि सगळे शहर रस्त्यावर जागत असे. त्या झांक्यांसाठी मिलकामगार आपल्या पगारातून वर्गणी देत. पगार तुटपुंजा, घरात खाणारी तोंडे सहा, तरी वर्गणी ठरलेली. मिला बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागून पैसे सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षे! पगार गेला तशी वर्गणीही गेली, आणि आता झांक्यांना महापालिकेच्या व विकास प्राधिकरणाच्या मदतीकडे डोळे लावून बसावे लागते. यात कामगारांचा दोष नाही, त्यांची भाकरीच गेली. पण आपला पगार तर दर महिन्याला खात्यात जमा होतो! पेन्शन येते, भाडे येते, मुले पुण्याहून पैसे पाठवतात. मग आपण वाट पाहणारे का झालो?

काय करावे : सात सूचना

नुसती टीका करून थांबणे सोपे. म्हणून करता येण्याजोग्या सूचना देतो.

एक. दरमहा घरटी पन्नास रुपये वर्गणी. ज्याला जास्त देता येईल त्याने जास्त द्यावे, पण किमान सर्वांना सारखे. चारशे घरे आली तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. बँकेला एकदा लेखी सूचना दिली की दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप वळते होतात. विजेचे बिल, विम्याचा हप्ता असाच जातो ना? वयस्कर सभासदांसाठी गल्लीवार एक जण रसीदकट्टा घेऊन जाईल. त्या निमित्ताने म्हाताऱ्या माणसांची विचारपूसही होईल.

दोन. मदतनिधीचे खाते वेगळे, आणि संस्थेच्या नावाचे. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक मोबाइलवर एक रुपयाही घेऊ नये. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. पैसे काढताना दोन सह्या, आणि दोन सह्या करणारे एकाच घरातले नसावेत.

तीन. तिथी निधी. आपल्याकडे आई-वडिलांच्या नावे देवळात कायम तिथी लावायची पद्धत आहे. तीच इथे आणावी. समजा कोणी वडिलांच्या स्मरणार्थ पंचवीस हजार दिले आणि त्यांची मुदत ठेव केली, तर साडेसहा टक्के दराने वर्षाला सोळाशे पंचवीस रुपये व्याज येते. मुद्दल तसेच राहते आणि एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च दर जूनमध्ये भागतो. श्राद्धाच्या जेवणावळीतली एक पंगत कमी करून हे सहज जमेल.

चार. हातांचे काम. दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया, श्रावणात पुरणपोळ्या. आपल्या भगिनी हे करतातच. पण यात एक अट असावी. सामानाचे पैसे आधी वजा व्हावेत आणि ज्या बाईला मजुरीची गरज आहे तिला मजुरी रोख मिळावी. गरजू बाईकडून फुकट चकल्या तळून घेऊन दुसऱ्या गरजूला मदत करणे म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणे. घरोघरची रद्दी आणि जुनी पाठ्यपुस्तके गोळा करणे हेही याच सदरातले. पैसा थोडा, पण शाळकरी मुलांना सवय लागते.

पाच. पैशाऐवजी वेळ. निवृत्त मंडळींनी आठवड्यातून दोन तास कार्यालयात बसावे आणि लोकांचे फॉर्म भरून द्यावेत. आयुष्मान कार्ड, शिष्यवृत्ती, विधवा पेन्शन, उत्पन्नाचा दाखला. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेतले आहे. आपल्यातल्या किती ज्येष्ठांनी ते कार्ड काढले आहे? एका फॉर्मने जे काम होते ते दहा कार्यक्रमांनी होत नाही.

सहा. घेणाऱ्याचे नाव गुप्त, हिशेब उघड. ज्याला मदत दिली त्याचे नाव फक्त तीन जणांच्या समितीला ठाऊक असावे. फोटो नाही, मंच नाही, व्हॉट्सअॅपवर टाकणे नाही. पण जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे दर महिन्याला फलकावर आणि या पत्रकात छापावे. देणाऱ्यांची यादी छापायची तर आडनावाच्या अक्षरक्रमाने छापा, रकमेच्या क्रमाने नको.

सात. निवडून आलेल्या किंवा निवडून येऊ पाहणाऱ्या कोणाही व्यक्तीकडून या निधीत मोठी देणगी घेऊ नये. ते आपले सभासद असतील तर त्यांनी इतरांसारखे पन्नास रुपये द्यावेत आणि इतरांसारखी पावती घ्यावी. पक्ष कोणताही असो, नियम एकच.

ज्या शंका येतील त्यांची उत्तरे

"आयकरात सूट मिळाल्याशिवाय लोक देत नाहीत." महिन्याला पन्नास रुपये देणाऱ्याला सुटीचा प्रश्न येत नाही. मोठी देणगी देणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे : सूट मिळायची तर संस्थेला तशी मान्यता हवी, दोन हजारांवरच्या रोख देणगीला २०१७ पासून सूट मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावट मुळीच नाही. तेव्हा सुटीसाठी देणारे आता तसेही कमीच राहणार आहेत. मनापासून देणाऱ्यांवरच निधी उभा करावा.

"मुले बाहेर गेली, इथे उरलो आम्ही म्हातारे." मुले बाहेर गेली म्हणून पैसे यायचे थांबतात असे नाही. पुण्या-बंगलोरच्या मुलाला पन्नास रुपये पाठवायला अर्धा मिनिट लागतो. परदेशातल्यांबाबत मात्र काळजी घ्या. भाचा अमेरिकेत असून भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा चालतो. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर २०१० च्या कायद्याप्रमाणे तो विदेशी देणगीदार ठरतो, मग तो आपल्या रक्ताचा का असेना. त्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय ते पैसे घेता येत नाहीत. हौसेने डॉलर घ्यायचे आणि मागाहून नोटीस आली की धावपळ करायची, असे नको.

"पुढाऱ्यांना दुखावून चालेल काय? उद्या परवानगी लागेल, पाणी लागेल." परवानगी आणि पाणी हा आपला हक्क आहे. आपण इथे पाहुणे नाही. आपल्या पणजोबांनी या शहरात घरे बांधली, शाळा चालवल्या, मिलांत घाम गाळला. हक्काची गोष्ट हक्काने मागावी, आणि ती मागता यावी म्हणूनच आपला हात देणगीसाठी पसरलेला नसावा.

"दरमहा गोळा करणार कोण? कार्यकर्ते कुठे आहेत?" ज्या कार्यक्रमासाठी चाळीस कार्यकर्ते दोन महिने राबतात, त्यातले दहा जण महिन्यातून एक रविवार देऊ शकत नाहीत? खरे असे आहे, की कार्यक्रमात बिल्ला मिळतो, फोटो मिळतो. रविवारच्या वर्गणीत फक्त जिने चढायला मिळतात.

"लोक दोन महिने देतील आणि बंद करतील." काही जण करतील. मी स्वतः खजिनदार होतो, मला ठाऊक आहे. पण लोक देणे बंद करतात ते कंजूषपणामुळे नव्हे, तर दिलेल्या पैशाचे काय झाले हे कळत नाही म्हणून. दर महिन्याचा हिशेब छापला, तर दहातले आठ टिकतील असा माझा विश्वास आहे. आणि चुकलो तर पुढच्या वर्षी याच पानावर माझी खिल्ली उडवा, मी वाचेन.

शेवटचे

येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, मदतनिधीचे स्वतंत्र खाते आणि घरटी मासिक वर्गणी. दुसरा, मदत घेणाऱ्या कोणालाही यापुढे मंचावर बसवायचे नाही. पहिल्या ठरावावर वाद घाला, पन्नासाचे तीस करा, चाळीस करा, माझी हरकत नाही. दुसऱ्यावर मात्र मी माघार घेणार नाही. त्या संध्याकाळी सहा ते आठ वीस मी मंचाच्या पायरीपाशी उभा होतो. माझ्या खिशात तो अकरा हजारांचा चेक होता. मी दोन पावले चालून तो त्यांच्या हातात दिला असता आणि "काकू, घरी जा" म्हटले असते, तर कार्यक्रम काही बंद पडला नसता. मी तसे केले नाही, कारण पाहुणे यायचे होते.

आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आज अशी एखादी काकू आहे. ती अर्ज करणार नाही, कारण मागच्यांचे काय झाले ते तिने पाहिले आहे. तिला पाहुण्यांची वाट पाहायला लावू नका.

सभेला अवश्य या. येताना पन्नास रुपये सुटे आणा.

आपला,
एक सभासद
(बँक कर्मचारी, माजी खजिनदार)